आधी उत्तर दाखव

ये. चपला बाहेर काढ आणि इथे समोर बस. चहा नंतर होईल. आधी मी बोलणार आहे.

परवा चिखली रोडला तुझं काम पाहिलं. मोठं फ्लेक्स, पाच मजली इमारत, खाली 'बुकिंग सुरू'. कोपऱ्यात तुझं नाव नव्हतं, पण तुझा हात मला आठवीपासून ओळखू येतो. स्कूटर बाजूला घेतली, रस्ता ओलांडून समोर उभा राहिलो. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे रस्त्यावरून तिच्याकडे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला उत्तर. आणि तुझ्या चित्रात कोवळं, सोनेरी, तिरपं ऊन त्याच डाव्या हाताने येतंय; सावल्या लांबच लांब उजवीकडे पसरल्यात. उत्तरेकडून इतकं खालून येणारं ऊन बुलढाण्यात वर्षाच्या ३६५ दिवसांत एकदाही पडत नाही. एकदाही नाही! कुठला सूर्य आहे हा? कुठून आणलास?

मला माहीत आहे कुठून आणलास. परदेशातल्या कुणीतरी स्वतःच्या गावच्या आभाळाचा गोल फोटो काढून ठेवलाय, तो तू उतरवून घेतलास. इमारतीभोवती फिरवत बसलास, आणि भिंत जिथे चकाकली तिथे थांबलास. झाडंही तिथलीच. पांढऱ्या बुंध्यांची, थंड मुलखातली. चिखली रोडला कडुनिंब आहे, चिंच आहे, बाभूळ आहे. राजूर घाटात फाल्गुनात पळस पेटतो. यातलं एकही झाड तुला आठवलं नाही? गॅलरीत उभी केलेली बाई स्वेटर घालून कप हातात धरून हसतेय. ती आपल्या गावात कुणाची कोण लागते?

आपला जिल्हा साडेवीस अक्षांशांच्या आसपास आहे. कर्कवृत्त आपल्या वर, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो, एकदा मेच्या २३ तारखेच्या सुमाराला आणि परतताना जुलैच्या २० च्या सुमाराला. मधले दोन महिने भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या २२ तारखेला तोच दुपारी दक्षिणेला ४६ अंशांवर येतो. हे मी तुला पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शाळेच्या पटांगणात बांबू रोवला होता आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करायला लावली होती. घंटा झाली, सगळी पोरं घरी पळाली. तू एकटा थांबला होतास. 'सर, शेवटची खूण राहिली,' म्हणाला होतास. तो मुलगा कुठे गेला?

सूर्य चुकला म्हणजे चित्राची शोभा गेली, एवढ्यासाठी मी तुला बोलावलेलं नाही. त्या हॉलची पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची दाखवलीयस. वर छज्जा दोन फुटांचा. तुझ्या चित्रात आत गार सावली आहे. आता हिशेब कर. मेच्या अखेरीला दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला चाळीस अंशांच्याही जरा खाली असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली काचेवर किती उतरेल? दीड फूट, फार तर थोडी जास्त. साडेपाचला पाऊण फूटही नाही. उरलेली सगळी काच तापणार. त्या घरातलं माणूस मार्च ते जून जाड पडदे ओढून अंधारात बसणार आणि कूलरचं बिल भरणार. तू खरा सूर्य लावला असतास तर तुझ्या चित्रातच ती काच पांढरी पेटलेली दिसली असती, आणि आर्किटेक्टने छज्जा वाढवला असता, नाहीतर काच कमी केली असती. त्यासाठीच असतं रे हे चित्र! इमारत उभी राहण्याआधी तिची चूक दिसावी म्हणून. वीट लागल्यावर चूक दुरुस्त करायला लाखो रुपये लागतात, तुझ्या पडद्यावर एक सांज पुरते. ती सांज तू भिंत चमकवण्यात घालवलीस.

आणि साधन नाही, असं मला सांगू नकोस. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये गाव, तारीख आणि वेळ टाकायची जागा आहे. नातवाच्या लॅपटॉपवर मी स्वतः बसून पाहिलंय. गाव टाकलं, उत्तर लावली की सूर्य आपल्या जागी जाऊन उभा राहतो. दोन मिनिटांचं काम. परदेशातल्या कुणाच्याही आभाळाची गरज पडत नाही.

आता तारेचं बोलू.

त्या जागेसमोरून ११ केव्हीची लाईन जाते. खांब तिथेच आहे, मी त्याला हात लावून आलो. बिल्डरने तुला जागेचा फोटो पाठवला असणार, त्यात खांब होता, तारा होत्या. त्या तू पुसल्यास. अगदी सफाईने पुसल्यास, मागचं आभाळ कुठे जोडलंय ते शोधूनही सापडत नाही. तुझी सफाई बघून माझ्या पोटात गोळा आला. अशा तारेपासून इमारत आडवी किमान १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर लांब हवी, असा नियम आहे. तुझ्या चित्रातली दुसऱ्या मजल्याची गॅलरी थेट तारेच्या अंगावर जाते. त्या गॅलरीत उद्या कुणी कपडे वाळत घालणार आहे. पावसाळ्यात कुणाचं पोर लोखंडी सळई घेऊन तिथे उभं राहणार आहे. तार चित्रातून पुसली म्हणून तिच्यातली वीज जात नाही.

माहितीपत्रकही पाहिलं. बेडरूम दहा बाय अकरा लिहिलंय आणि चित्रात ती राजवाड्यासारखी दिसतेय. मी पट्टी घेऊन बसलो. दार तीन फुटांचं. पलंग त्याच भिंतीलगत, म्हणजे दोन्हींना एकच माप लागू. दोन माणसांचा पलंग सहा फूट रुंद, तो दाराच्या दुप्पट दिसायला हवा. तुझा पलंग जेमतेम दीडपट. साडेचार फूट! तू पलंग आवळलास, कपाट आवळलं, खुर्ची आवळली, म्हणजे खोली मोठी वाटेल. वर कॅमेरा भिंतीच्या बाहेर नेलास. जिथे तो ठेवलास तिथे शेजारच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर येतं. तिथून ही खोली कुणालाच कधी दिसणार नाही. इंटरमीजिएटला कर्तव्यभूमितीत तुझ्याइतका चोख कागद माझ्या हाताखालून फार कमी मुलांचा गेला. तेव्हा तू विचारलं होतंस, भूमितीला 'कर्तव्य' का म्हणतात? मी म्हणालो होतो, प्रत्यक्ष मोजून, प्रत्यक्ष काढून दाखवायची ती. आज तीच भूमिती तू माप लपवायला वापरतोयस.

मध्ये बोलू नकोस म्हटलं ना? 'सर, मी फक्त चित्र काढतो, बाकी बिल्डरचं' हेच म्हणणार होतास. मला माहीत होतं.

तर ऐक, तुला का बोलावलं. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. एसटीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेत. त्यांनी तुझं माहितीपत्रक उलगडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, 'सर, हे तुमच्या विद्यार्थ्याने काढलंय म्हणे. मग डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना?' काय सांगू मी त्यांना? पस्तीस वर्षं या गावात चित्रकला शिकवली. गावाने माझ्यावर ठेवलेला विश्वास तुझ्या त्या चित्राला तारण गेला, आणि मला कळलंही नाही. मी त्यांना थांबा म्हणालो. त्यांनी तुझ्या चित्रातल्या बागेवर बोट ठेवून विचारलं, 'ही बाग पहिल्या वर्षीच होईल का?' बागेच्या जागी प्लॅनमध्ये पार्किंग आहे. तुला ठाऊक आहे.

बिल्डरचं म्हणतोस ना? २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ वाच. जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. म्हणजे कायद्याने तुझ्या चित्राला वचन मानलंय. तुला मात्र ते अजून सजावट वाटतं. कायदा बिल्डरला पकडेल, तुला नाही, हेही मला कळतं. म्हणून तर मी पकडतोय.

आता तुझ्या कामाच्या तऱ्हेविषयी बोलू दे, कारण खोटेपणा तिथूनच सुरू झालाय.

तुझी आई भेटली होती. म्हणाली, पोरगा पहाटे चारला झोपतो, दुपारी बाराला उठतो, मान अवघडलेली, डोळे लाल, जेवायला बोलावलं तर 'रेंडर लागलाय' म्हणतो. पाडव्याच्या बुकिंगसाठी चार रात्री जागलास. तिसऱ्या रात्री दोन वाजता लाईट गेली आणि सहा तासांचं काम वाया गेलं, तेव्हा रडलास, हेही तिने सांगितलं. मला वाईट वाटलं. पण दया म्हणून मी गप्प बसणार नाही. ही हलाखी तू स्वतः ओढवून घेतलीयस. दुसरा कुणी एक व्ह्यू पाच हजारांत देतो म्हणून तू तीन हजारांत देतोस. आगाऊ एक रुपया मागत नाहीस. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर 'भाऊ, जरा कलर बदला ना' आलं की निमूट बदलतोस. सात वेळा, आठ वेळा. नंतर कंप्यूटरच्या कार्डाचा हप्ता थकतो, आणि तो माणूस पैशासाठी तुला दोन महिने फिरवतो.

तीन हजारांत आठ बदल करणारा माणूस जागेवर कधी जाणार? गेला होतास का तिथे? एकदा तरी? खाली पाहू नकोस, माझ्याकडे पाहा. बुलढाण्यात राहतोस. चिखली रोड तुझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. आणि ती इमारत तू कुणीतरी पाठवलेल्या फाईलवरून आणि मोबाईलच्या एका फोटोवरून उभी केलीस. स्वस्तात काम घेतलंस, म्हणून वेळ नाही. वेळ नाही, म्हणून पाहिलं नाहीस. पाहिलं नाहीस, म्हणून दुसऱ्याचं आभाळ चिकटवलंस. शेवटी बिल्डर म्हणाला तार काढ, तर 'नाही' म्हणायला तुझ्याकडे पायच उरले नव्हते. त्याच्याकडे तुझे मागचे पैसे अडकले होते. ज्याने आगाऊ घेतलेलं असतं त्याला नकार देता येतो.

आता तर ऐकतोय की फोटो टाकला की यंत्र मिनिटात चित्र काढून देतं. मी पाहिलीत ती चित्रं. खालच्या मजल्यावर चार खिडक्या, वरच्या मजल्यावर पाच. जिना चढतो आणि कुठेच पोचत नाही. तू घाबरलायस त्याला. पण तू आज जे करतोस, न पाहता, न मोजता, दुसऱ्याचं ऊन लावून, तेवढं तर ते यंत्र तुझ्यापेक्षा लवकर करेल. यंत्र चिखली रोडला उभं राहू शकत नाही. तू राहू शकतोस, आणि राहत नाहीस.

आपल्या भागात हे काम तुझ्याआधी झालंय, आणि ज्याने केलं त्याच्याकडे वीज नव्हती. रॉबर्ट गिल नावाचा मद्रासच्या पलटणीतला अधिकारी. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला धाडलं. त्या अंधाऱ्या लेण्यांत त्याने वर्षानुवर्षं काढली. भिंतीएवढ्या कॅनव्हासवर तैलरंगात एकेक आकृती उतरवली. ती चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. इतक्या वर्षांची मेहनत! तुझं सहा तासांचं रेंडर गेलं तेव्हा तू रडलास, म्हणून सांगतोय. तो माणूस पुन्हा लेण्यात जाऊन कामाला लागला. १८७९ मध्ये वारला, भुसावळला त्याची कबर आहे. आणि याच गिलने कॅमेरा घेऊन आपल्या लोणारला येऊन तिथल्या देवळांचे फोटो काढलेत. १८६४ मध्ये लंडनला त्याच्या शंभर जोडफोटोंचं पुस्तक निघालं. दोन भिंगांनी घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी. यंत्रातून पाहिले की दगडाला खोली येते. तू ज्याला थ्रीडी म्हणतोस ते आमच्या या मुलखाचं दीडशे वर्षांपूर्वी करून झालंय. त्यात त्याने एकही पडकी भिंत लिंपली नाही. तडा गेलेली तुळई तडा गेलेलीच दाखवली. म्हणून आज जाणकार ते फोटो घेऊन देवळासमोर उभे राहतात आणि काय पडलं, काय उरलं ते ओळखतात. तुझं कुठलं चित्र घेऊन कुणाला कुठे उभं राहता येईल?

थांब. उठू नकोस. त्या कपाटातला वरचा खण उघड. निळी फाईल.

ओळखलंस? नववीची सहल. लोणार. बाकीची पोरं विवराच्या काठावर ओरडत होती आणि तू दैत्यसूदनाच्या देवळापुढे फळी मांडीवर घेऊन बसला होतास. देवळाची भिंत ताऱ्यासारखी कोनाकोनांनी मोडत जाते, ती तुला जमेना. तू विचारलंस, 'सर, सरळ भिंत का नाही बांधली?' मी सांगितलं, प्रत्येक कोनात सावली साठते बघ. ऊन सरकलं की सावली सरकते, म्हणून एवढा काळा बेसाल्ट असून देऊळ अंगावर येत नाही. मग तू तीन तास हललाच नाहीस. हा कागद बघ. दर कोनाला वेगळी छटा. इथे, या उजव्या बाजूला तू खोडून पुन्हा काढलंयस, कारण तोवर ऊन फिरलं होतं आणि तुला आधीची सावली खोटी वाटली. चौदा वर्षांच्या मुलाला वाटली! मे महिन्यात त्या गाभाऱ्यात ऊन मूर्तीपर्यंत पोचतं, ते बघायला आजही लोक जमतात. ज्या गवंड्यांनी ते बांधलं त्यांनी वर आभाळात बघून बांधलं. सॉफ्टवेअर नव्हतं त्यांच्याकडे. सिंदखेड राजाला जा, लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उभा राहा, दगड दोन वेळा दोन रंगांचा दिसेल. तिथली पुतळा बारव उतरून पाहा, पायरीपायरीला उजेड कसा कमी होतो. एवढा खजिना दारात असताना तू कुठल्या कोण देशाचा उजेड उसना आणतोस, याचा मला राग आहे. मला लाज वाटते असंही म्हणेन, कारण शिकवलं मी होतं.

रंगकामात तू कुणाहून कमी नाहीस. जिल्ह्यात तुझ्यासारखा हात नाही. म्हणून एवढं बोलतोय. हात नसता तर 'बरा काढतोस' म्हणून चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता काय करायचं ते सांगतो. उद्या त्या बिल्डरकडे जायचं आणि म्हणायचं, चित्रात तार परत येणार, खांब परत येणार, बागेच्या जागी पार्किंग येणार, पलंग सहा फुटांचा होणार. सूर्य मेच्या पंधरा तारखेचा, दुपारी चारचा. तो चिडेल. काम काढून घेईल. घेऊ दे. मागचे पैसे बुडाले तर महिनाभर मी भागवतो तुझं, पण ते चित्र त्या रस्त्यावर तुझ्या हातचं म्हणून राहता कामा नये. यापुढे अर्धे पैसे हातात आल्याशिवाय फाईल उघडायची नाही. दोनदा बदल, तिसऱ्या बदलाचे वेगळे पैसे, आणि हे कागदावर लिहून, सहीसकट. रात्री नऊनंतर फोन बंद. जागेवर गेल्याशिवाय काम घ्यायचं नाही. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, वही घेऊन जायचं, मोबाईल खिशात ठेवून. दहा जण सोडून जातील. अकरावा टिकेल, आणि त्याच्यासाठी तुला कमी पैशांत रात्री जागाव्या लागणार नाहीत.

आणि ते एसटीचे गृहस्थ. त्यांच्या घरी तू स्वतः जाशील. त्यांना घ्यायचा आहे तो फ्लॅट दुसऱ्या मजल्याचा, पश्चिमेचा. त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवून त्याच फ्लॅटमधलं ऊन दाखव, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, डिसेंबरचं आणि मेचं. खोलीत सहा फुटांचा पलंग ठेव आणि म्हण, याच्या बाजूने चालायला एवढीच जागा राहते. मग घ्यायचं की नाही ते ते ठरवतील. पैसे मागायचे नाहीत.

रडू नकोस. नाक पूस. आत चहा उकळतोय, कपात येईपर्यंत पाच मिनिटं आहेत. लॅपटॉप आणलायस ना बरोबर? उघड. तो प्लॅन काढ. आता बोट ठेवून दाखव मला, या इमारतीची उत्तर कुठे आहे?